पांढरीच्या पोटातली माणसं

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. तिथून तासाभरात इंद्रायणीकाठच्या आळंदीला पोहोचता येतं, जिथे ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली. आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळी करणारी माणसं सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब या दोन्ही ठिकाणी जातात, समाधीपुढे डोकं टेकवतात आणि प्रसाद घेऊन परततात. आपण एका दफनस्थळाला भेट देऊन आलो, असं त्यांतल्या कुणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचं कारणही नाही. भक्तीच्या भाषेत त्या जागेचं नाव वेगळं आहे. पण जमिनीखाली विसावलेल्या माणसाजवळ जाऊन घटकाभर बसणं या पट्ट्याला परकं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. परकी आहे ती 'प्राचीन दफनभूमी' ही कल्पना. हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे इजिप्तचे पिरॅमिड उभे राहतात, आणि इटलीला जाऊन आलेल्यांना तिथल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांची थडग्यांची नगरं आठवतात. चाकणहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की मंचरच्या पुढे घोड नदी ओलांडावी लागते. हीच नदी खाली पूर्वेला शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. त्या काठावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपली माणसं ज्या रीतीने पुरली, ती रीत माझ्या मते एट्रुस्कन थडग्यांच्या तोडीची सांस्कृतिक निर्मिती आहे. ती दगडात कोरलेली नाही, एवढ्याच कारणाने आपण तिला हिशेबात धरत नाही. आणि ज्या प्रदेशात आज रोज पाया खणला जातो, त्या प्रदेशाला हे दुर्लक्ष सर्वांत महाग पडणार आहे.

तुलनेची दुसरी बाजू आधी नीट पाहायला हवी. रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी आणि तार्क्वीनिया इथल्या एट्रुस्कन दफनभूमी २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. चेर्वेतेरीची बांदिताच्चा ही दफनभूमी म्हणजे अक्षरशः गाव आहे: मऊ ज्वालामुखीय दगडात कापलेले रस्ते, चौक, आणि दोन्ही बाजूंना मातीचे गोल उंचवटे. उंचवट्याच्या पोटात शिरलं की खोल्या लागतात. छताला दगडातच कोरलेल्या तुळया, दारांना चौकटी, भिंतीलगत दगडी पलंग आणि त्यांवर दगडी उशा. तिथल्या एका थडग्यात तर भिंतींवर आणि खांबांवर घरातली चीजवस्तू उठावात घडवलेली आहे. भांडी, सुऱ्या, दोरखंड, ढाली सगळं खुंटीला टांगून ठेवल्यासारखं दिसतं. तार्क्वीनियाला सुमारे सहा हजार थडगी आहेत आणि त्यांतल्या दोनशेच्या आसपास थडग्यांच्या भिंती रंगवलेल्या आहेत. मेजवान्या, नाच, मासेमारी, उडणारे पक्षी. एट्रुस्कनांची लिपी वाचता येते, पण भाषा अजून पुरती उलगडलेली नाही. त्यांची राहती घरं माती-लाकडाची होती, ती गेली. त्यामुळे ते कसे जगत होते हे आपल्याला कळतं ते मुख्यतः ते कसे पुरले गेले यावरून. मेलेल्यासाठी त्यांनी घर बांधलं, आणि ते जिवंतांच्या घरापेक्षा टिकाऊ केलं.

इनामगावला याच्या नेमकं उलट घडलं. तिथे मेलेल्यासाठी वेगळं घर बांधलं नाही, मेलेल्याला राहत्या घरातच ठेवलं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं, आणि १९८८ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं ही वस्ती नांदत होती. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तिचे तीन टप्पे पाडले जातात. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावावरून आलं. तिथे १९५०-५१ मध्ये या संस्कृतीची तांबडी, वर काळ्या रंगाने नक्षी काढलेली भांडी प्रथम नीट ओळखली गेली. इनामगावात शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले आणि दोनशेहून जास्त दफनं मिळाली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. मूल गेलं की दोन करडी मडकी घ्यायची, त्यांत ते ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि घराच्या जमिनीत खड्डा घेऊन ती जोडी आडवी पुरायची. वर पुन्हा जमीन सारवायची. त्या सारवलेल्या जमिनीवर मग चूल पेटत राहिली, धान्य कांडलं गेलं, दुसरी मुलं रांगली. मोठ्या माणसांना उत्तरेला डोकं करून उताणं निजवलेलं आहे, जवळ वाडगे आणि चोचीची भांडी ठेवलेली आहेत. आणि अनेक प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले आहेत.

या तोडलेल्या पायांपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या दफनरीतीचा अर्थ तिथे अडकला आहे. सर्वसाधारणपणे दिला जाणारा खुलासा भीतीचा आहे: मेलेल्याचं भूत होऊन फिरू नये म्हणून त्याचे पाय काढून टाकले. भुताचे पाय उलटे असतात असं ऐकत वाढलेल्या आपल्याला हा खुलासा लगेच पटतो. पण पुराव्याची दुसरी बाजू त्याच्याशेजारी ठेवली की तो अपुरा वाटू लागतो. ज्याची भीती वाटते त्याला माणूस घरापासून लांब नेतो. नदीपलीकडे, शिवेबाहेर, निदान वस्तीच्या टोकाला. इनामगावकरांना तेवढी जागा नव्हती असं म्हणता येत नाही. घोड नदीचा सबंध काठ मोकळा होता. तरी त्यांनी खड्डा घेतला तो घरात किंवा अंगणात. चुलीपासून चार पावलांवर जो पुरला जातो, त्याच्या परत येण्याची धास्ती कशी असेल? तो तर गेलेलाच नाही. म्हणून मला वाटतं, पाय तोडण्यामागचा विचार 'येऊ नको' असा नसून 'जाऊ नको' असा असावा. यावर कुणी म्हणेल की भीती आणि माया एकाच वेळी असू शकतात, आणि ते खरं आहे. आपणही पितरांना बोलावतो आणि जेवू घालून निरोपही देतो. पण दोन्ही भावना मान्य केल्या तरी त्यांतली कोणती वरचढ होती हे जागेवरून ठरतं, आणि जागा घराची आहे. लिखित शब्द नसलेल्या समाजाचा हेतू निर्विवादपणे सिद्ध करता येत नाही. पुराव्याला जास्तीत जास्त पुरा पडेल तो अर्थ स्वीकारायचा, एवढंच हातात असतं. भीतीचा अर्थ पायांना पुरा पडतो, घराला पडत नाही. मायेचा अर्थ दोन्हींना पडतो.

याच वस्तीत एक दफन असं आहे की ते या नियमात बसत नाही, आणि म्हणूनच नियमावर प्रकाश टाकतं. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर होतं, इथल्या मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला धान्याचं कोठार होतं. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण सापडला. आत एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. तो वस्तीचा प्रमुख असावा असं उत्खननकर्त्यांनी मानलं, आणि घराचं स्थान, कोठार, रांजणाचा थाट पाहता ते पटण्यासारखं आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात या रांजणातल्या माणसावर मजकूर होता, त्यामुळे दिल्ली-लखनौच्या मुलांनीही तो वाचला. चाकणच्या मुलांना मात्र तो आपल्याच जिल्ह्यातला आहे हे सहसा ठाऊक नसतं. एट्रुस्कन सरदाराने आपली थोरवी दगडाच्या राशीने दाखवली. घोडकाठच्या या प्रमुखाची थोरवी एवढीच, की त्याला रांजण मिळाला आणि पाय ठेवू दिले. पण पुरला गेला तोही अंगणातच. घर सोडण्याची मुभा त्यालाही नव्हती, किंवा त्याची तशी इच्छा नसावी.

इथे पहिला आक्षेप येतो. आपण मृतांना अग्नी देणारी माणसं. पुरण्याची ही रीत आपली कशी म्हणावी? हा आक्षेप घेणारा स्वतःच्या घरातल्या चालीरीती विसरतो. दात येण्याआधी गेलेल्या मुलाला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही अग्नी देत नाहीत, पुरतात. संन्याशाला जाळत नाहीत, समाधी देतात. लिंगायत समाजात मृताला बसवून पुरतात. ज्या पट्ट्याच्या एका टोकाला चिंचवडची समाधी आहे आणि दुसऱ्या टोकाला आळंदीची, तिथे पुरणं परकं म्हणणं हे त्या भूगोलालाच धरून नाही. यावरून इनामगावपासून आजपर्यंत एक अखंड धागा आहे असा दावा मी करत नाही. मधली शतकं मोठी आहेत, आणि बसवलेला सांगाडा दोन ठिकाणी मिळाला म्हणजे एकाने दुसऱ्याकडून रीत घेतली असं ठरत नाही. दावा एवढाच, की लहान मूल आगीला द्यायला हात धजत नाही ही भावना समजून घ्यायला मराठी माणसाला कुठल्याही परदेशी पुस्तकाची गरज नाही. ती मडक्यांची जोडी पाहिली की आपल्याला कळतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे, आणि त्याला जास्त वजन आहे. इनामगावला जाऊन बघायचं काय? उत्खनन संपलं, खड्डे बुजले, सामग्री पुण्याला डेक्कन कॉलेजात आली. चेर्वेतेरीला माणूस तिकीट काढून थडग्यात शिरतो, दगडी उशीला हात लावतो. इनामगावला एक टेकाड, शेतं, नदी. मान्य. ज्याला दगडच हवा त्याने लोकल पकडून मळवलीला उतरावं आणि भाज्याच्या लेण्यांकडे चढावं. पिंपरीपासून आकुर्डी, देहूरोड, तळेगाव करत जाणारी ती गाडी या पट्ट्यातल्या नोकरदारांची रोजचीच. भाज्याला चैत्यगृहाच्या पलीकडे चौदा स्तूप एकत्र आहेत, पाच गुहेत आणि नऊ बाहेर, काळ्या कातळात कोरलेले. हे पूजेचे मुख्य स्तूप नव्हेत. तिथे राहून गेलेल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, आठवणीचे आहेत, आणि त्यांतल्या काहींवर अंपिनिक, धम्मगिरि, संघदिन अशी नावं कोरलेली आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची नावासकट दफनस्मारकं महाराष्ट्रात आणखी किती ठिकाणी पाहायला मिळतात? पण भाजे दाखवून मी आक्षेपातून पळ काढू इच्छित नाही. चेर्वेतेरीच्या रिकाम्या दगडी खोलीत आज जो अर्थ दिसतो तो खोलीने आपणहून सांगितलेला नाही. एट्रुस्कन बायका मेजवानीत नवऱ्याच्या शेजारी बसत, ते मुलाबाळांची नावं कशी लावत, कुणाशी व्यापार करत, हे शे-दीडशे वर्षांच्या अभ्यासाने खोलीत भरलं आणि मग ती खोली पाहण्याजोगी झाली. इनामगावला तो अभ्यास झालेला आहे. तो त्या जागेवर मांडला गेलेला नाही, एवढीच उणीव.

आणि अभ्यास केवढा झालेला आहे! सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी तिथल्या सांगाड्यांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केला. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने इनामगाव आणि त्याच काळच्या नेवासे, दायमाबाद या वस्त्यांतल्या मुलांच्या हाडांवर काम करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. उत्तर जोर्वे काळात इनामगावची मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हे घरांच्या पायांवरून आधीच दिसलं होतं. त्या झोपड्यांतली मुलं वयाच्या मानाने खुरटलेली होती, हे मुलांच्या हाडांनी सांगितलं. म्हणजे एका वस्तीवर हलाखी कशी उतरली याची नोंद त्या वस्तीच्या आयांनी जमिनीखाली ठेवलेल्या मडक्यांतून मिळाली. ते कुणी नोंद म्हणून ठेवलं नव्हतं. तार्क्वीनियाच्या रंगीत भिंती श्रीमंतांच्या मेजवान्या दाखवतात. तिथल्या गरिबांच्या पोरांच्या जेवणाबद्दल त्या गप्प आहेत. एवढ्या एका बाबतीत तरी घोडकाठची माती इटलीच्या दगडापेक्षा मोकळेपणाने बोलते. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत माळ ओवलेल्या धाग्याचे अवशेष उरले होते. मुलाला पुरताना गळ्यातली माळ काढून घ्यावीशी वाटली नाही, हेही त्या मातीनेच सांगितलं.

आता पट्ट्याकडे येतो. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग सांगायची जुनी पद्धत आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. पांढरी पांढरी का? शतकानुशतकं चुलीची राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती, कुजलेली छपरं एकावर एक बसून त्या जागेची मातीच फिकी, राखट, भुसभुशीत होते. गाव उठून गेलं तरी पांढर उरते, टेकाडासारखी, पावसाळ्यात खापऱ्या उघड्या टाकणारी. नदीकाठची पांढर आणि तिच्यावर विखुरलेली खापरं पाहूनच दख्खनच्या पुरातत्त्वज्ञांनी ताम्रपाषाणयुगीन वस्त्या शोधल्या. त्यांना वाट दाखवणारा हा शब्द शेतकऱ्यांनी आधीच घडवून ठेवला होता. आणि नेमकी हीच माती खत म्हणून चांगली, धाब्याच्या घरावर पसरायला चांगली, म्हणून गाड्या भरभरून नेली गेली. पिढ्यानपिढ्यांचं ते नुकसान होतं, पण त्याचा वेग फावड्याचा होता. फावडं मडक्याला लागलं की ठक् आवाज होतो आणि माणूस थांबतो. १९७४ साली दायमाबादला खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ असे ब्राँझचे चार जड पुतळे निघाले, ते हाताने खणणाऱ्या एका भिल्ल माणसाला. पोकलेनच्या बकेटला ठक् ऐकू येत नाही.

पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, आणि तेव्हापासून पवना, इंद्रायणी, भामा, भीमा या नद्यांच्या मधली जमीन सपाट होत आली आहे. चाकणचे टप्पे वाढले, शिरूर तालुक्यात रांजणगाव उभं राहिलं. मंचरजवळच्या चांडोलीला १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ देव आणि अन्सारी यांनी उत्खनन केलं तेव्हा तिथेही जोर्वे काळची वस्ती आणि दफनं मिळाली. म्हणजे या नद्यांच्या काठी अशी वस्ती एकटीदुकटी नव्हती. किती उरल्या असतील हे सपाटीकरणानंतर कळण्याचा मार्ग नाही. कायद्याचं संरक्षण आहे, पण ते घोषित स्थळाला. १९५८ च्या केंद्रीय कायद्याला २०१० मध्ये जोडलेल्या तरतुदीनुसार संरक्षित स्थळापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. ज्या टेकाडाची कुणी नोंदच केली नाही, त्याच्यापासून शंभर मीटर कुठून मोजणार? १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो. मुलाच्या हाडांची आणि करड्या मडक्याची किंमत दहा रुपये कोण धरील?

तिसरा आक्षेप याच ठिकाणी निघतो: खापरांसाठी कारखाने अडवायचे का, लोकांच्या पोटापेक्षा सांगाडे मोठे का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला एका कारखानदारातच दिसतं. कार्लो लेरिची हा इटलीतला अभियंता आणि पोलादाच्या धंद्यातला माणूस. १९४७ मध्ये त्याने एक संस्था काढली आणि १९५० च्या दशकात जमिनीतला विद्युत्‌रोध मोजण्याचं तंत्र एट्रुस्कन दफनभूमीवर वापरलं. पोकळी कुठे आहे ते आधी यंत्राने शोधायचं, मग वरून बारीक भोक पाडायचं, त्यातून दिवा आणि कॅमेरा बसवलेली नळी आत सोडायची, आणि आतल्या भिंतींचे फोटो पाहून उघडायचं की नाही ते ठरवायचं. १९५८ मध्ये तार्क्वीनियाला धावपटू आणि रथांच्या शर्यती रंगवलेलं थडगं अशाच पद्धतीने मिळालं. रोमचं ऑलिंपिक दोन वर्षांवर होतं, म्हणून त्याचं नाव ऑलिंपिकचं थडगं पडलं. लेरिचीला सापडलेली बहुतेक थडगी चोरांनी आधीच रिकामी केलेली होती, आणि चेर्वेतेरीतून १९७१ मध्ये चोरून काढलेला एक ग्रीक रंगीत कलश न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने दहा लाख डॉलरला घेतला, तो इटलीला परत मिळायला २००८ उजाडलं. पण लेरिचीने एक गोष्ट दाखवून दिली. कारखान्याचं तंत्र आणि दफनभूमी यांचं वैर असायलाच हवं असं नाही. इटलीत २००५ पासून सार्वजनिक बांधकामाआधी जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी करण्याची तरतूद आहे, आणि तिथे रस्ते-रेल्वे बंद पडलेले नाहीत.

आपल्या पट्ट्यात जमिनीत न खणता डोकावणारी यंत्रं आहेत. रस्त्याखालच्या केबल आणि पाइप शोधायला ती रोज लागतात. धातूचा कस तपासणाऱ्या प्रयोगशाळा पुण्यात आहेत, आणि कित्येक दशकं उत्खननाचं काम केलेली डेक्कन कॉलेजसारखी संस्था येरवड्याला आहे. नदीपासून हाकेच्या अंतरावरचा भूखंड सपाट करण्याआधी पांढर ओळखणाऱ्या एका माणसाने तो पायी फिरून पाहावा, खापऱ्या दिसल्या तर टिपण करावं, आणि खरंच वस्ती निघाली तर काही आठवडे खणायला द्यावेत. मागणी एवढीच आहे. कारखान्याच्या उभारणीच्या वेळापत्रकात आठवडे इतर कितीतरी कारणांनी जातात. मृतांची शांती भंग करू नये असं मनापासून वाटणाऱ्यांनाही माझं उत्तर हेच: पोकलेन ती शांती आधीच भंग करतो, आणि कुणाची शांती होती हे विचारतही नाही. ब्रशने माती झाडून, उत्तरेला डोकं आहे का, शेजारी कोणतं भांडं आहे हे लिहून घेणारा माणूस निदान त्या मृताकडे पाहतो.

इनामगावच्या त्या अंगणातल्या प्रमुखाजवळ जी भांडी होती त्यांतल्या एकावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. तसाच चार पायांचा आणखी एक रांजण तिथे मिळाला, आणि त्यात सांगाडा नव्हता. उत्खननकर्त्यांनी त्याला प्रतीकात्मक दफन मानलं: ज्याचा देह मिळाला नाही, जो बाहेर कुठे गेला आणि आला नाही, अशा कुणासाठी केलेलं. ज्या रीतीत मेलेल्याने घरातच असायला हवं, तिथे घरापासून दूर मेलेल्याचं काय करायचं, या प्रश्नाला कुणीतरी दिलेलं हे उत्तर होतं. चाकण-भोसरीच्या खोल्यांत आज मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली माणसं राहतात, आणि त्यांच्या गावाकडच्या घरांत त्यांची जागा तशीच ठेवलेली असते. घोडकाठी कुणीतरी माती मळली, देहाच्या मापाचा रांजण घडवला, त्याला चार पाय लावले, आणि रिकामाच पुरला.